जीपचा मॅनिफोल्ड मी ओतला

आमच्या जीपच्या इंजिनाला जो ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बसला होता, तो मी केला. मी म्हणजे मीच, ह्या दोन हातांनी. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण रोह्यात विचाराल तर लोक माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवतील आणि पेणला विचाराल तर माझ्या भावाकडे. त्या दोघांनी त्यात काय केलं आणि काय नाही, ते सांगतेच. नवऱ्याला तोंडावर मी जन्मभर अहो-जाहो केलं. इथे एकेरीच लिहिणार आहे. लिखाण माझं, मर्जी माझी.

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते आधी सांगून ठेवते. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होतं. ते चार सिलिंडरना सारखं वाटून द्यायला एक नळ लागतो. एका बाजूला त्याला एक तोंड, दुसऱ्या बाजूला चार. कुठे सुईएवढी फट राहिली तर बाहेरची हवा आत घुसते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. एवढंच आहे ते. गॅरेजवाले उगाच त्याचं मोठं करून सांगतात.

माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. मूर्तींचे हात माझ्याकडे असायचे. शाडूत हात घडवायचा, त्यावर प्लास्टर ओतायचं, आणि साचा दोन फाकांत असा उघडायचा की एकही बोट मोडता कामा नये. वडील येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे, "हातांचं काम पोरीचं हाय." मला वाटायचं, हे आता कायमचं. पण आमच्या घरात रीत होती. मूळ साचा लेकीला द्यायचा नाही, आणि लग्न ठरलं की तिला त्याला हातही लावू द्यायचा नाही. घरची घडण सासरी जाईल, तिकडे दुसरा कारखाना उभा राहील, ही धास्ती. माझं लग्न ठरलं आणि वडिलांनी माझ्या पाटावरचे साचे उचलून धाकट्या भावाच्या पाटावर ठेवले. त्याला तेव्हा हाताला बोटं पाच असतात, यापलीकडे काही माहीत नव्हतं. मी रडायला लागले तर आई म्हणाली, "रडतंस काय गो? तिकडं तुला काय कमी पडनार हाय?"

काय कमी पडणार ते मला रोह्याला आल्यावर कळलं. घर चांगलं होतं, खाऊन-पिऊन सुखी होतं. नवरा धाटावच्या एका कंपनीत फिटर होता, शिफ्टला जायचा. मारझोड नाही, दारू नाही. पण सासूबाईंना अंगणात पांढऱ्याचा ठिपका पडलेला चालायचा नाही, आणि मला तर पांढऱ्यात कोपरापर्यंत हात बुडवायची सवय. कणीक मळताना मी तिचा अंगठा करायचे, नख काढायचे आणि कुणी यायच्या आत मोडून टाकायचे. हसू येतं सांगताना. तेव्हा येत नव्हतं.

पुढे नवऱ्यानं जुनी जीप घेतली. नागोठण्याला मोठी कंपनी उभी राहत होती, नाक्यावर माणसं गाडीची वाट बघत ताटकळायची, शिफ्ट सुटली की फेऱ्या मारू असा बेत. जीपचं इंजिन संपलेलं होतं. वडखळजवळ ठोकलेल्या एका मोटारीचं पेट्रोल इंजिन भंगारात मिळालं, ते त्यानं मित्रांना घेऊन जीपमध्ये उतरवलं. बसलं, पण त्याचा मॅनिफोल्ड नेमका स्टिअरिंगच्या दांड्यावर यायचा आणि कार्बोरेटर बॉनेटच्या बाहेर डोकं काढायचा. असल्या जोडकामाचा मॅनिफोल्ड तयार कुठे मिळणार? मुंबईला करून देणारे होते. त्यांनी काय मागितलं कोण जाणे, नवरा घरी आला तो जेवला नाही.

मग त्यानं स्वतःच करायला घेतला. पाण्याच्या पाइपचे बेंड कापले आणि एका जाड लोखंडी पट्टीला वेल्डिंग केले. दिसायला झकास. पण वेल्डिंगच्या आचेनं पट्टी वाकली. इंजिनाला आवळली की कडेची तोंडं बसायची आणि मधली दोन उघडी राहायची. ह्यानं पॅकिंगवर पॅकिंग घातलं. जीप निघायची आणि नागोठण्याच्या अलीकडे खोकत बंद पडायची. माणसं खाली उतरून ढकलायची आणि ढकलताना ह्याच्या सात पिढ्या काढायची.

एकदा असाच तो तोंड पाडून अंगणात बसला होता. मी म्हटलं, "अहो, हा ओतून करता येईल. साचा करायचा, ॲल्युमिनियम वितळवून ओतायचं."

"गनपती हाय काय तो?"

"गनपतीपेक्षा सोपा हाय. ह्याला नाक-डोळे नायत."

तो हसला नाही. वैतागलेला होता. "कर मग," म्हणाला. "जमला तर मागच्या बाजूला शेड घालून देतो तुला. तुझी स्वतःची. बस तिकडं काय करायचं ते करत."

हे तो सासूबाईंसमोर बोलला. मी शब्द न् शब्द पकडून ठेवला. मॅनिफोल्ड गेला खड्ड्यात, मला शेड हवी होती! माझ्या उंचीचा ओटा, साच्यांना फळ्या, आणि कुणी 'अगं' म्हणून हाक मारली तरी आतून लावता येईल अशी कडी. मनातल्या मनात मी त्याच दुपारी पत्रे चढवून मोकळी झाले.

प्लास्टर आणि शाडू आणायला पेणला गेले. कारखाना तोवर भावाच्या हातात आला होता. वडील बाकड्यावर बसून नुसते बघायचे. भावानं कोपऱ्यातलं एक पोतं पुढे सरकवलं. "हे घे ताय, आमच्या काय कामाचं नाय." मी आत हात घातला तर गुठळ्या. दमट हवा लागलेलं प्लास्टर, सात जन्मांत धरलं नसतं. ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं.

"चांगलं दे की रे."

"सीझन हाय ताय. आनि इंजिनच्या पायपाला कशाला पायजे चांगलं?"

वडील सगळं ऐकत होते. शाडू तेवढा घेतला आणि शेजारच्या कारखान्यातल्या बाईकडून कोरडं खुटखुटीत प्लास्टर आणलं. पोतं मांडीवर घेऊन एसटीनं रोह्याला आले. रागानं माझे कान तापले होते. पण कामाला लागायचं म्हणून बरंही वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

इंजिनावर कागद दाबून धरला आणि शिसपेन्सिल घासून चारही तोंडांचा ठसा घेतला. कार्बोरेटर कुठे बसला तर बॉनेट मिटेल, ते नवऱ्यानं दोरी धरून दाखवलं. मग शाडूत आकार काढला. स्टिअरिंगच्या दांड्याला वळसा घालून चार फाटे खाली यायला हवेत, आणि कुठेही एकदम कोन नको. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. दंडापासून बोटांपर्यंत हात उतरतो तेव्हा कुठेच कोन नसतो, आणि तेच तर मी वर्षानुवर्षं करत आले होते. शाडूवरून प्लास्टरचा नमुना काढला, तोही दोन फाकांत. लाकडी खोक्यात ओलसर वाळू ठोकून त्यात नमुना दाबायचा, नमुना काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा.

पण नळ आतून पोकळ हवा. म्हणजे ओतताना आत एक गाभा ठेवायला लागतो, त्याच्याभोवती धातू थिजतो आणि मग गाभा काढून टाकायचा. इथे मी माती खाल्ली, तीही शाडूची. पेणच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल, शाडू पाण्यात विरघळतो. बादलीत ठेवला की सकाळपर्यंत खाली गाळ. मी मोठ्या रुबाबात नवऱ्याला सांगितलं, "गाभा शाडूचा करायचा. ओतून झाला की पान्यात ठेवू, आपोआप निघेल."

एका रविवारी ओतलं. कापलेल्या ड्रममध्ये कोळसे, खालून पंख्याचा वारा, आत लोखंडी भांडं. भांड्यात भंगारातले जुने पिस्टन टाकले. ते आधी नुसते बसून राहिले आणि मग एकदम ढासळून पातळ झाले. ओतायचं काम नवऱ्याचं. ते जड होतं, आणि चिमटे त्यानंच बनवले होते, हे मी नाकारत नाही. थंड झाल्यावर वाळू फोडली तर मॅनिफोल्ड असा सुरेख निघाला की नवऱ्यानं शीळ घातली. मी तो पाण्याच्या पिंपात ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर पाणी नितळ. तिसऱ्या दिवशीही नितळ. शाडू आतल्या आत भाजून कौलासारखा कडक झाला होता! आमच्या पेणला शाडूला कुणी कधी विस्तव दाखवला होता म्हणून आम्हाला ते माहीत असणार?

नवऱ्यानं छिन्नी लावली. तिसऱ्या फाट्याशी आला आणि फाटाच तुटला.

"झाली हौस?" म्हणाला. "आता पोळ्या कर."

मी म्हटलं, "पोळ्या पन करीन, आनि हा पन करीन." आवाज चढला होता माझा. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात एकच. ओतेपर्यंत घट्ट राहील आणि ओतल्यावर सुटेल, असं काय असतं? शेवटी ते मला मोरीत सापडलं. लाडवांच्या पाकाची कढई घासत होते. तळाला गूळ असा चिकटला होता की काही केल्या निघेना. चिडून कढई परत चुलीवर ठेवली. गूळ जळाला, काळा झाला आणि त्याच्या पापड्या सुटून खाली पडल्या. मी हातातली काथ्याची गुंडी तिथेच टाकली आणि उठले.

वाळू चाळून, धुऊन, वाळवून घेतली. त्यात गुळाचं पाणी घातलं, गाभ्यासाठी केलेल्या प्लास्टरच्या साच्यात दाबून गाभा काढला, उन्हात ठेवला आणि मग पत्र्याच्या डब्यात मंद विस्तवावर तांबूस होईपर्यंत भाजला. पहिले गाभे हातातच फुटले. पाणी कमी केलं, गूळ वाढवला. मग असा टणटणीत झाला की बोटानं वाजवावा. सासूबाई म्हणाल्या, "सनाला गूळ शिल्लक ठेव म्हंजे झालं."

दुसऱ्यांदा ओतलं तेव्हा चारही तोंडांतून धूर आला आणि जळक्या गुळाचा वास आळीभर पसरला. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, पुरण करपलं काय गो. थंड झाल्यावर मी मॅनिफोल्ड उचलला, उभा धरला आणि लाकडी हातोडीनं हळू ठोकला. आतून वाळू सुटली. चारही तोंडांतून सळसळत माझ्या पायावर पडायला लागली आणि मी तिथेच मटकन बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, "बाय, वाळूला काय रडतंस!" पण त्यांनी पाणी आणून दिलं.

इंजिनाला टेकणारी बाजू अगदी सपाट लागते. आरशाची काच पालथी घातली, तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि दुपारच्या दुपारी मी ती बाजू घासली. नवरा शिफ्टहून आला तरी मी घासतच असायचे. घासायचं, पुसायचं, काचेवर ठेवून डुलतो का बघायचं, परत घासायचं. बोटांची सालं निघाली. भोकं त्यानं पाडली, नट त्यानं आवळले. इंजिन चालू केलं आणि त्यानं रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं सांध्यावरून फिरवलं. फट असती तर नळीतून फुसफुस आली असती. आली नाही. इंजिन एका लयीत चालत राहिलं. "च्यायला!" म्हणून त्यानं बॉनेटवर थाप मारली आणि मित्रांना सांगायला पळाला. मला काही म्हणाला नाही. मी म्हटलं, असू दे, खुशीत आहे.

जीप पेणपर्यंत न थांबता जाऊन यायला लागली. नाक्यावरचे ड्रायव्हर बॉनेट उघडून बघायचे. खाडीकडचे होडीवाले इंजिनाचे मोडके तुकडे घेऊन विचारायला यायचे, असलं काय करून देशील काय. आधी नवरा म्हणायचा, "घरी केला." मग म्हणायला लागला, "आम्ही केला." पेणला भावाला दाखवला तेव्हा काय म्हणाला कोण जाणे, पण माझ्या लग्नानंतर कधी रोह्याला न फिरकलेला भाऊ पुढच्याच आठवड्यात दारात हजर. माझे साचे उलटेपालटे करून बघितले. गाभा कसा, गूळ किती, भाजायचा किती, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मला आनंद झाला होता हो! माहेरचं माणूस पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल मला विचारत होतं. जेवायला मी सोलकढी केली, मासळी तळली.

नवऱ्यानं शब्द पाळला. मागच्या बाजूला शेड उभी राहिली. पत्रे नवे, फळ्या भरपूर. ओटा तेवढा माझ्या छातीशी येत होता. मी म्हटलं, उंच झालाय. तो म्हणाला, बरोबर हाय. नारळ फोडायच्या दिवशी पेणहून टेम्पो आला, आणि त्यातून भाऊ उतरला. मागून प्लास्टरची पोती उतरली, कोरडी, करकरीत.

"भागीत करतोय आम्ही," नवरा म्हणाला. "तो साच्याचं बघेल, मी ओतीन. तू घरचं आटपून मधी मधी येत जा."

मी भावासमोरच विचारलं, "शेड माझी म्हनाला होतात ना?"

तो गडबडला नाही, चिडला नाही. खरोखर नवल वाटल्यासारखा माझ्याकडे बघत म्हणाला, "मग? तुझ्याच मान्साला दिली ना? परक्याला दिली काय?"

भाऊ खाली वाकून पोत्याची शिवण उसवत होता. त्यानं मान वर केली नाही. त्यानं एक शब्द टाकायला हवा होता. "ताय पन बसेल," एवढाच. नवऱ्याला माझ्या कामाची अक्कल नव्हती, ते मी पोटात घातलं असतं. भावाला होती.

तेवढ्यात खाडीकडच्या गावातला एक होडीवाला आला, पहिलं गिऱ्हाईक. जीपचा मॅनिफोल्ड बघून म्हणाला, "कोनी केला वो? लय सफाई हाय." मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. म्हटलं, "मी केला."

होडीवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. वाईट नाही, गंमत वाटल्यासारखा हसला. "वयनी लय मजेशीर हायत," म्हणाला. भाऊ हसला. आणि नवराही हसला. ज्यानं मला काचेवर घासताना बघितलं होतं, माझ्या बोटांना हळद लावली होती, तो हसला. ते हसू मी त्याला माफ केलेलं नाही, आणि आता वय झालं म्हणून करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली. मोठी चाळणी माझ्या हातात दिली. "तेवढी वाळू चाळून ठेव. तुला चांगली चाळता येते."

मी चाळणी त्याच्या पायाशी टाकली. म्हटलं, "चाळा तुम्ही." आणि घरात आले.

मला वाटलं, चार दिवसांत अडेल ह्यांचं. गाभे फुटतील, फाटे मोडतील, मग येतील बोलवायला. मी तयारीतच होते. काय बोलायचं, कसं बोलायचं, आधी किती वेळ नाही म्हणायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. चुलीपाशी बसून मी शेडकडे कान लावायचे. गाभे फुटले, भरपूर फुटले, भावाच्या शिव्या ऐकू यायच्या. मग कमी फुटायला लागले. मग फुटेनासे झाले. शेड वाढली, शेजारची जागा घेतली, नागोठण्यापासून माणसं यायला लागली. काम चांगलं होतं त्यांचं, मी लांबून बघायचे. मला कुणी बोलवायला आलं नाही. माझ्यावाचून तिथं कधी काही अडलं नाही.